मालकीविना वापर : फ्रान्सिस्कन भिक्षुसंघाचा उगम आणि ओळख

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अपरिग्रह या महाव्रतावर आपण अधिकारी व्यक्तींकडून पुष्कळ ऐकले आहे. आजचा विषय थोडा दूरचा आहे. इटलीमध्ये तेराव्या शतकाच्या आरंभी एक ख्रिस्ती भिक्षुसंघ उदयास आला. त्याच्या संस्थापकाने केवळ ‘माझ्या नावावर काही नको’ एवढेच म्हटले नाही, तर ‘संघाच्याही नावावर काही नको’ असे म्हटले. पुढची आठ शतके त्या संघाने या एका संकल्पाचा अर्थ लावण्यात घालविली. ज्या समाजात साधुसाध्वींची गोचरी, उपाश्रय आणि देवद्रव्याचा हिशेब या रोजच्या व्यवहारातील गोष्टी आहेत, त्या समाजाला या संघाची व्यथा इतरांपेक्षा लवकर कळेल, या विश्वासाने हा विषय येथे मांडला आहे.

कथेचा आरंभ एका कापड दुकानात होतो. मध्य इटलीतील उंब्रिया प्रांतात असिसी नावाचे डोंगरउतारावरील नगर आहे. तेथे पिएत्रो दि बर्नार्दोने हा कापडाचा सधन व्यापारी राहत असे. त्याचा व्यापार फ्रान्सपर्यंत पसरलेला होता. इ. स. ११८१ किंवा ११८२ मध्ये त्याला मुलगा झाला. आईने बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचे नाव जोव्हान्नी ठेवले होते, परंतु फ्रान्सहून परतलेल्या पित्याने त्याला फ्रान्चेस्को, म्हणजे ‘फ्रान्सचा’, असे म्हणावयास सुरुवात केली. आपण त्याला फ्रान्सिस या नावाने ओळखतो. मुलगा दुकानावर बसे, गिऱ्हाईक सांभाळी, आणि मिळविलेले मित्रमंडळींवर उधळी. त्याला सरदार होण्याची हौस होती. १२०२ मध्ये शेजारच्या पेरूजा नगराशी झालेल्या लढाईत तो पकडला गेला आणि सुमारे वर्षभर कैदेत राहिला. सुटून आल्यावर आजारपण आले आणि दुकानातील मन उडाले.

स्वतः फ्रान्सिसने आयुष्याच्या शेवटी आपल्या परिवर्तनाचे कारण सांगितले, ते कोणत्याही साक्षात्काराचे नाही. कुष्ठरोग्यांकडे पाहणे त्याला असह्य होई. तो त्यांच्यात जाऊन राहिला, त्यांची सेवा केली, आणि जे कडू होते ते गोड झाले, एवढेच तो सांगतो. मात्र चरित्रकारांनी अधिक प्रसिद्ध केलेला प्रसंग वेगळा आहे. सान दामियानो या पडक्या चर्चमध्ये प्रार्थना करीत असता त्याला ‘माझे घर दुरुस्त कर’ अशा आशयाची वाणी ऐकू आली. तरुणाने आज्ञा शब्दशः घेतली. पित्याच्या दुकानातील कापडाचे तागे घोड्यावर लादून तो फोलिन्यो येथील बाजारात गेला. तेथे कापड विकले, घोडाही विकला, आणि पैसे त्या चर्चच्या गरीब पुरोहितापुढे ठेवले. पुरोहिताने ते घेण्यास नकार दिला. तेव्हा पैशांची थैली त्याने एका खिडकीत टाकून दिली.

भक्तिपर चरित्रांतून पिएत्रो हा लोभी आणि क्रूर पिता म्हणून रंगविला जातो. त्याने मुलाला कोंडले, मारले, हे खरे. परंतु कापडाच्या पेढीवर आयुष्य काढलेल्या कोणाही माणसाला त्याचा संताप कळू शकेल. माल गेला, वाहतुकीचे जनावर गेले, विक्रीची नोंद नाही, आणि रक्कम एका पडक्या इमारतीच्या खिडकीत. प्रकरण बिशप ग्विदो यांच्यासमोर गेले. बिशपांनी धर्मकार्याच्या नावाखाली मुलाची बाजू घेतली नाही. पित्याचे पैसे पित्याला परत कर, दुसऱ्याचे द्रव्य देवाच्या कामाला लावता येत नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. फ्रान्सिसने पैसे परत केले. मग अंगावरील वस्त्रेही उतरवून पित्यापुढे ठेवली, कारण तीही पित्याच्याच दुकानातील होती. १२०६ च्या सुमाराची ही घटना. बिशपांनी स्वतःचा झगा त्याच्या उघड्या अंगावर घातला. या दृश्याची चित्रे युरोपात असंख्य आहेत. पण व्यवहाराच्या दृष्टीने पाहता तो खाते चुकते करण्याचा प्रसंग आहे. येणे नाही, देणे नाही, शिल्लक शून्य.

त्या काळच्या इटलीत अशी शून्य शिल्लक ही सामान्य गोष्ट नव्हती. नाणी वाढत होती, पेढ्या उभ्या राहत होत्या, नगरांमध्ये ‘मायोरेस’ म्हणजे थोर आणि ‘मिनोरेस’ म्हणजे लहान, असे दोन वर्ग भांडत होते. असिसीतही या वर्गांचा संघर्ष झाला आणि १२१० मध्ये करार झाला. फ्रान्सिसने आपल्या सोबत्यांसाठी निवडलेले नाव याच शब्दावरून आले. ‘फ्रात्रेस मिनोरेस’, म्हणजे लहान भाऊ. संघाच्या प्रमुखाला मठाधिपती न म्हणता ‘मिनिस्टर’, म्हणजे सेवक, म्हणावे हाही त्याचाच आग्रह. आज मिनिस्टर म्हटले की वेगळेच चित्र डोळ्यांपुढे येते, हा भाग निराळा.

ख्रिस्ती जगात साधुसंस्था पूर्वीपासून होती. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या परंपरेतील मठवासी साधूची वैयक्तिक मालमत्ता नसे. मठाची मात्र असे. शेती, जंगले, गिरण्या, कुळे यांच्या बळावर कित्येक मठ संस्थानिकांसारखे झाले होते. साधू निर्धन आणि मठ श्रीमंत, ही विसंगती लोकांच्या डोळ्यांवर येत होती. नवे भिक्षुसंघ या पार्श्वभूमीवर निघाले. त्यांनी मठाच्या चार भिंती सोडल्या, नगरांत शिरले, लोकांच्या भाषेत उपदेश केला आणि पोटासाठी दारोदार हात पसरला. डॉमिनिक या स्पॅनिश धर्मोपदेशकाचा संघ १२१६ मध्ये मान्य झाला; कार्मेलाइट आणि ऑगस्टिनियन हे आणखी दोन. २०२५ मध्ये निवडले गेलेले पोप लिओ चौदावे हे यांपैकी ऑगस्टिनियन संघातील आहेत. त्यांच्या आधीचे पोप फ्रान्सिस हे जेझुइट होते, पण २०१३ मध्ये त्यांनी नाव घेतले ते असिसीच्या या कापड व्यापाऱ्याच्या मुलाचे.

१२०९ च्या सुमारास फ्रान्सिस आपल्या मोजक्या सोबत्यांसह रोमला गेला. पोप इनोसंट तिसरे यांनी तोंडी संमती दिली. लेखी नियमावलीला पोप होनोरियस तिसरे यांची मान्यता मिळाली ती २९ नोव्हेंबर १२२३ रोजी. तिच्यातील काही नियम ऐकताना आपल्याकडील श्रोता क्षणभर थबकेल. भिक्षूजवळ टोपीचा एक अंगरखा, हवा असल्यास टोपीविना दुसरा, कमरेला दोरी. वस्त्र हलके असावे, फाटल्यास गोणपाटाचे ठिगळ लावावे. निकडीखेरीज पादत्राण नको. आजारपण वा निरुपाय असल्याखेरीज घोड्यावर बसू नये. नाणे किंवा पैसा स्वतः घेऊ नये आणि दुसऱ्याकरवीही घेऊ नये. घर, जागा, कोणतीही वस्तू आपली करू नये; जगात परक्यासारखे आणि वाटसरूसारखे राहावे.

साम्याबरोबर भेदही सांगितला पाहिजे, नाहीतर तुलना खोटी ठरेल. फ्रान्सिसच्या नियमात भिक्षा ही पहिली पायरी नाही. आधी हाताने काम करावे, आणि कामाचे मोल मिळाले नाही तर दारोदार जावे, असा त्याचा क्रम. आहाराबाबत तर अंतर फार मोठे आहे. पाखरांना उपदेश करणारा संत म्हणून त्याची ख्याती आहे, सृष्टीतील जीवांना तो भाऊबहीण म्हणे. परंतु नियमावलीत जे पुढ्यात वाढले जाईल ते खाण्यास भिक्षूंना मुभा आहे. एषणेचे जे सूक्ष्म शास्त्र आपल्या परंपरेत आहे, तसे तेथे नाही. आपल्याकडील मुनी काय घ्यावे याचा विचार करतो. फ्रान्सिसच्या संघाने घेतलेली वस्तू कोणाची, याचा विचार केला.

क्लारा या असिसीच्या उमराव घराण्यातील कन्येचा उल्लेख येथे केला पाहिजे. १२१२ मध्ये ती रात्री घर सोडून फ्रान्सिसकडे आली आणि तिच्यामुळे स्त्रियांचा संघ सुरू झाला. भ्रमण करण्याची परवानगी स्त्रियांना मिळाली नाही. आपल्या साध्वींप्रमाणे त्या विहार करू शकल्या नाहीत, सान दामियानोच्या आवारातच त्यांचे आयुष्य गेले. आवारात राहूनही उत्पन्नाची जमीन न बाळगण्याचा हट्ट क्लाराने धरला. प्रतिष्ठित धर्माधिकाऱ्यांनी तिला जमिनी घेण्याचा सल्ला दिला, तिने तो मानला नाही. तिच्या नियमावलीला पोपची मान्यता मिळाली ९ ऑगस्ट १२५३ रोजी, आणि दोन दिवसांनी तिचे निधन झाले. संस्थापकाच्या मूळ संकल्पाशी सर्वांत प्रामाणिक कोण राहिले, असा प्रश्न विचारल्यास उत्तर क्लाराकडे जाते.

पुरुषांच्या संघाची अडचण मात्र लवकर सुरू झाली, कारण संघ वाढला. १२२१ च्या सुमारास जो मेळावा झाला त्याला तीन हजार भिक्षू होते असे एक वृत्तांत सांगतो, दुसरे पाच हजारांपर्यंत जातात. बारा माणसांना झोपडी पुरते, तीन हजारांना पुरत नाही. असिसीच्या नगरसभेने मेळाव्यासाठी पक्के घर बांधून दिले. फ्रान्सिस बाहेरगावाहून परतला, ते पाहिले, आणि छपरावर चढून कौले खाली फेकू लागला. नगराच्या शिपायांनी सांगितले की हे घर संघाचे नाही, नगराचे आहे. तेव्हा तो म्हणाला की तुमचे असेल तर मी हात लावत नाही, आणि खाली उतरला. बोलोन्या नगरात असाच प्रकार घडला. ‘भावांचे घर’ असा शब्द कानी पडताच त्याने आजाऱ्यांसकट सर्वांना बाहेर पडण्यास सांगितले; त्या आजाऱ्यांपैकी एकाने हे लिहून ठेवले आहे. शेवटी कार्डिनल उगोलिनो यांनी ते घर आपले असल्याचे जाहीर केले, तेव्हा भिक्षू परतले.

या दोन्ही गोष्टी त्याच्या कडव्या निष्ठेच्या म्हणून सांगितल्या जातात. त्यांचा दुसरा अर्थ असा की ‘वापर आमचा, मालकी दुसऱ्याची’ ही तोड त्याने स्वतःच दोनदा स्वीकारली. घर तेच राहिले, माणसे तीच राहिली, फक्त नाव बदलले. पुढचे सर्व वाद या कौलांखाली दडलेले होते.

३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी फ्रान्सिसचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्याने आपले इच्छापत्र सांगितले होते. नियमावलीच्या शब्दांवर टीका-टिप्पणी करू नये, सरळ साधा अर्थ घ्यावा, आणि पोपच्या दरबारातून कोणतीही सवलत मागू नये, असे त्यात बजावले होते. दोन वर्षांत, १२२८ मध्ये, तो संत घोषित झाला आणि त्याच वर्षी असिसीत त्याच्या समाधीवर भव्य चर्चचे काम सुरू झाले. भाऊ एलियास या त्याच्याच सोबत्याच्या देखरेखीखाली ते उभे राहिले. कौले फेकणाऱ्या माणसाच्या अस्थींवर ही वास्तू आहे. ज्या ठिगळांच्या अंगरख्याचे दर्शन घेण्यास लोक तेथे जातात, त्याचे मोल बाजारात काही नाही.

१२३० मध्ये पहिली सवलत आली. तोपर्यंत कार्डिनल उगोलिनो हे पोप ग्रेगरी नववे झाले होते. त्यांनी निर्णय दिला की इच्छापत्र भिक्षूंवर कायद्याने बंधनकारक नाही. तसेच दात्याने दिलेला पैसा ‘आध्यात्मिक मित्र’ म्हणून एखाद्या विश्वासू गृहस्थाजवळ ठेवता येईल आणि त्यातून संघाच्या गरजा भागविता येतील. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर पैसा खर्च होईपर्यंत दात्याच्याच खात्यावर राहतो. मधला माणूस दात्याचा मुनीम, भिक्षूचा नव्हे. १२४५ मध्ये पोप इनोसंट चौथे यांनी पुढचे पाऊल टाकले. भिक्षूंच्या वापरातील वस्तूंची मालकी, दात्याने स्वतःकडे राखली नसल्यास, पोपपीठाची राहील. १२७९ मध्ये पोप निकोलस तिसरे यांनी तर वस्तूशी माणसाच्या संबंधाच्या पाच पायऱ्या पाडल्या. मालकी, ताबा, उपभोगाधिकार, वापराचा हक्क, आणि शेवटी केवळ प्रत्यक्ष वापर. पहिल्या चार भिक्षूला नाहीत, पाचवी आहे. पंगतीत बसलेल्या पाहुण्याच्या पानावर लाडू वाढला जातो. तो खाऊ शकतो, पण बांधून घरी नेऊ शकत नाही, शेजाऱ्याला विकू शकत नाही आणि वाढला नाही म्हणून फिर्याद करू शकत नाही. भिक्षूचे जगणे असे पाहुण्याचे, हा त्यामागचा विचार.

आजच्या समारंभाशी या गोष्टीचा एक थेट धागा आहे. १२२४ मध्ये हे भिक्षू इंग्लंडला पोहोचले. लंडनमध्ये जॉन आयविन नावाच्या व्यापाऱ्याने त्यांच्यासाठी जागा घेतली. तोही कापडाचाच व्यापारी. भिक्षू मालकी घेणार नाहीत म्हणून त्याने जागेची मालकी नगरातील नागरिकांच्या समूहाला दिली आणि वापर भिक्षूंना. पुढे तो स्वतः त्या संघात दाखल झाला. एकाच्या नावावर मालमत्ता आणि दुसऱ्याच्या हितासाठी तिचा उपयोग, ही इंग्लिश कायद्यातील कल्पना पुढे ‘ट्रस्ट’ म्हणून विकसित झाली. तिचा इतिहास लिहिणाऱ्या मेटलंड या विद्वानाने फ्रान्सिस्कनांच्या या जागांची आवर्जून नोंद घेतली आहे. ट्रस्टच्या कल्पनेची मुळे एकाच ठिकाणी आहेत असे नाही. तथापि १८८२ चा विश्वस्त कायदा किंवा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा ज्या विचारावर उभा आहे, त्याच्या घडणीत या अनवाणी भिक्षूंचा काही वाटा आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

परंतु कायद्याने प्रश्न सुटला का? कागदावर मालकी पोपची होती, पण भिक्षूंची कोठारे धान्याने भरली, तळघरांत दारूची पिंपे आली, ग्रंथालये झाली, पॅरिस आणि ऑक्सफर्डच्या विद्यापीठांत त्यांचे पंडित नामांकित झाले. बोनाव्हेंचर यांनी १२५७ पासून सतरा वर्षे संघाचे नेतृत्व केले. ते विद्वान होते, समतोल होते. १२६६ मध्ये मात्र त्यांनी लिहिलेले फ्रान्सिसचे चरित्र तेवढे प्रमाण मानून जुनी चरित्रे नष्ट करावी, असा ठराव संघाच्या सभेने केला. ज्यांत कौले फेकण्यासारख्या गोष्टी होत्या ती ही चरित्रे. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण त्या सांगू शकतो.

संघात एक कडवा पक्ष तयार झाला. त्यांचे म्हणणे असे की मालकी नसणे पुरेसे नाही, वापरही तोकडा हवा. प्रोव्हान्सकडील पीटर ऑलिव्ही हे या मताचे मोठे विचारवंत. आपल्या तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या वस्तूच्या असण्यावर न करता आसक्तीवर केली आहे. त्या दृष्टीने पाहिल्यास दोन्ही पक्ष अर्धेच बोलत होते. एक पक्ष नाव कोणाचे ते पाहत होता, दुसरा माप किती ते. आपल्याकडेही चैत्यवासी साधूंच्या आचाराविरुद्ध जिनेश्वरसूरींनी पाटणच्या दुर्लभराजाच्या सभेत वाद केला, असे परंपरा सांगते. तो अकराव्या शतकातला. धर्मस्थानाच्या संपत्तीजवळ साधू स्थिरावला की काय होते, हा प्रश्न एका धर्माचा नाही.

१३१७ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी हुकूम काढला की वस्त्र किती लांब, किती रुंद, किती जाड आणि किती हलक्या प्रतीचे, हे वरिष्ठ ठरवतील; कोठारे ठेवावी की नाही हेही तेच ठरवतील; बाकीच्यांनी आज्ञा पाळावी. कडव्या पक्षाचे भिक्षू आखूड आणि तंग अंगरखे घालीत, ते त्यांची खूण झाले होते. चौघांनी हुकूम मानण्यास नकार दिला. ७ मे १३१८ रोजी मार्से येथे त्यांना जिवंत जाळण्यात आले. कापडाच्या मापावरून आणि धान्याच्या कोठारावरून माणसे जाळली जावीत, आणि तीही कापडवाल्याच्या मुलाने काढलेल्या संघातील, यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

या कलहाची एक शाखा आपल्या ठाण्यापर्यंत पोहोचली आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. तोलेंतिनोचा थॉमस हा इटलीच्या अँकोना भागातील भिक्षू. निर्धनतेच्या कडक आग्रहापायी त्याने सोबत्यांसह आपल्याच संघाची कैद भोगली. १२८९ मध्ये निवडून आलेल्या नव्या प्रमुखाने त्यांना सोडविले आणि दूर आर्मेनियाला पाठविले. पुढे तो चीनच्या मार्गाने निघाला असता ठाण्यास उतरला. तेथे स्थानिक काझीपुढे धर्माविषयी वादविवाद झाला आणि एप्रिल १३२१ मध्ये त्याच्यासह चार फ्रान्सिस्कन मारले गेले. त्यांपैकी एक पादुआचा, एक सिएनाचा, आणि एक जॉर्जियातील तिफ्लिस येथील होता. पुढे ओडोरिक नावाचा त्यांच्याच संघाचा प्रवासी ठाण्यास आला, त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि बरोबर घेऊन चीनला गेला. त्याच्या प्रवासवर्णनात ही हकीकत आहे.

ठाण्यात हे घडले त्याच्या पुढच्याच वर्षी, १३२२ च्या डिसेंबरात, पोप जॉन यांनी संघाच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. ते उत्तम कायदेपंडित होते. त्यांचा युक्तिवाद असा की जी वस्तू वापरताच संपते, तिचा वापर आणि तिची मालकी वेगळी करता येत नाही. भिक्षूने अंडे किंवा पनीरचा तुकडा खाल्ला, तर त्या तुकड्याची मालकी रोमच्या पीठाकडे राहिली असे कोणता शहाणा माणूस म्हणेल? सबब अशा वस्तूंची मालकी पोपपीठ यापुढे स्वीकारणार नाही. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १३२३ मध्ये, ख्रिस्त आणि त्याचे शिष्य यांची स्वतःची वा सामायिक काहीच मालमत्ता नव्हती असे हट्टाने म्हणणे पाखंड ठरविण्यात आले. संघाचा प्रमुख चेझेनाचा मायकेल आणि प्रसिद्ध तत्त्वज्ञ ऑकमचा विल्यम १३२८ मध्ये आव्हिन्यों येथून रातोरात निसटले आणि पोपविरोधी बादशहाच्या आश्रयाला गेले. तर्काच्या दृष्टीने पोपची बाजू भक्कम होती, हे मान्य करावे लागते. मात्र त्या तर्कात फ्रान्सिसच्या संकल्पाला कुठेच जागा उरत नाही, हेही तितकेच खरे.

त्यानंतरचा इतिहास फुटीचा आहे. १५१७ मध्ये पोप लिओ दहावे यांनी संघाची दोन शकले मान्य केली. नगरांतील मोठ्या मठांत राहणारे ‘कॉन्व्हेंच्युअल’ आणि मूळ नियमाचा आग्रह धरणारे ‘ऑब्झर्व्हंट’. अकरा वर्षांनी, १५२८ मध्ये, त्यातून तिसरी शाखा निघाली. मूळ अंगरख्याची टोपी टोकदार होती असे त्यांचे मत. ‘कप्पुचो’ म्हणजे टोपी, त्यावरून ते कपुचिन म्हटले गेले. पुन्हा कापडच. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने भिक्षुसंघांना सामायिक मालमत्ता धारण करण्यास परवानगी दिली, त्यातून कपुचिन आणि ऑब्झर्व्हंट यांना वगळले. १८९७ मध्ये ऑब्झर्व्हंटांचे उपपंथ एकत्र आणण्यात आले. आजही तीन शाखा आहेत, तिघांची नियमावली तीच, १२२३ ची. महाराष्ट्र आणि गोव्यातही कपुचिनांची घरे आहेत.

वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लुका पाचोली हे नाव ऐकलेले असते. १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या त्याच्या गणितग्रंथात द्विनोंदी जमाखर्चाचे पहिले छापील विवेचन आहे. पाचोली फ्रान्सिस्कन भिक्षू होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ज्या संघात नाण्याला स्पर्श वर्ज्य, त्या संघाच्या भिक्षूने जगाला जमा-नावे शिकविले. याच संघाच्या उपदेशकांनी १४६२ मध्ये पेरूजा येथे गरिबांना तारणावर अल्प दराने कर्ज देणारी पेढी काढण्यास पुढाकार घेतला. तिला विरोध झाला, कारण व्याज घेणे पाप होते. पैशापासून दूर राहण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना पैशाचा विचार इतरांपेक्षा अधिक बारकाईने करावा लागला.

पोर्तुगिजांबरोबर हा संघ सोळाव्या शतकाच्या आरंभी गोव्यास आला. तेथे त्याला राजाश्रय होता, खजिन्यातून मदत होती, म्हणजे फ्रान्सिसच्या कल्पनेपासून तो बराच दूर आलेला होता. वसई प्रांतात त्यांनी चर्चे आणि शाळा काढल्या. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्याचे त्यांनी चर्च केले आणि वरच्या टेकाडावर मठ बांधला. दुसऱ्याचे देवस्थान आपले करणे नियमावलीत कसे बसविले, याचा खुलासा इतिहास देत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज अंमल उठला. गोव्यातील मठ १८३५ मध्ये सरकारी आदेशाने बंद झाले. जुन्या गोव्यातील असिसीच्या फ्रान्सिसच्या चर्चला लागून असलेल्या त्यांच्या मठात १९६४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आले. मंडपेश्वरचे लेणेही त्याच खात्याच्या संरक्षणाखाली आहे. आत शिवलिंगाची पूजा होते, एका भिंतीवर कोरलेला क्रूस अजून दिसतो, आणि वरच्या टेकाडावर मठाच्या बिनछपराच्या भिंती उभ्या आहेत.